पायलकडे मागायचं नाही

पायल आडेने स्वतःचा धंदा बुडताना पाहिला तो बाणेरमधल्या एका काचेच्या खोलीत, सकाळच्या उन्हात. धंदा अजून सुरूही झाला नव्हता.

समोरच्या पडद्यावर दोन रेघा डावीकडून उजवीकडे सरकत होत्या. हिरवी रेघ मृण्मयी साठ्येची, निळी पायलची. पहिली तीन वर्षं दोन्ही रेघा बरोबरीने वर चढल्या. चौथ्या वर्षाच्या सुमारास निळी अडखळली, खाली झुकली आणि संपली. हिरवी पुढे जात राहिली.

“हे एक आयुष्य झालं,” शिरीष कोठावळे म्हणाले. “अशी दहा हजार आयुष्यं आम्ही तुम्हाला जगायला लावली. त्यातल्या सात हजारांहून जास्त आयुष्यांत तुमचा धंदा पाच वर्षांच्या आत बंद पडतो.”

कोठावळे हे अंकुर निधीचे अधिकारी. तिशीच्या आतल्या मुलामुलींना तारण न घेता भांडवल देणारा हा निधी महाराष्ट्रात नावाजला होता, कारण तिथे वशिला चालत नव्हता. निर्णय यंत्र घ्यायचं. यंत्राला सगळे ‘वाटाड्या’ म्हणत.

पायल आणि मृण्मयी नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बाकावर बसून शिकल्या होत्या. विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या थकलेल्या बॅटऱ्या विकत घ्यायच्या, त्या उघडून आतले चांगले सेल निवडायचे आणि त्यांच्या नव्या बॅटऱ्या बांधून शेतपंपांना द्यायच्या, अशी त्यांची योजना होती. धंदा दोघींचा एकच, पण वाटाड्या प्रत्येक भागीदाराला वेगळं तपासायचा आणि एकीची रेघ तुटली तरी अर्ज अडायचा. बॅटरी मरते तेव्हा तिच्यातले सगळे सेल मरत नाहीत. थोडेसेच मरतात आणि बाकीच्यांना घेऊन बुडतात. मेलेले ओळखायची जलद पद्धत पायलने शोधली होती. मार्कही तिचेच जास्त होते. मग रेघा वेगळ्या कशा, असं तिने विचारलं.

कोठावळ्यांनी टाळाटाळ केली नाही. जात, धर्म, आडनाव, गाव यांतलं काहीही विचारायला वाटाड्याला कायद्याने बंदी होती आणि तो विचारतही नव्हता. तो बघायचा तो तुमचे फोन कुणाकुणाला जातात, पैसे कुणाकडून येतात आणि कुणाकडे जातात. शिवाय चाळीस प्रश्न. संकटात नातेवाइकाने पैसे मागितले तर नाही म्हणणं योग्य आहे का? कमावत्या माणसाच्या पगारावर घरच्यांचा हक्क असतो का? तुमची मतं आणि तुमच्या पैशाची वहिवाट यांतून तो तुमच्यासारखं वागणारं एक प्रतिरूप घडवायचा आणि मग त्या प्रतिरूपावर फासे टाकायचा. कधी आजारपण, कधी अपघात, कधी लग्नकार्य, कधी मंदी. प्रतिरूप काय करतं ते तो पाहायचा. पुन्हा फासे, पुन्हा नवं आयुष्य.

मृण्मयीच्या प्रतिरूपावर संकट आलं की ठाण्याचा मामा पैसे पाठवायचा, नाहीतर मस्कतची आत्या. पायलच्या आयुष्यांत फासा बहुधा दुसऱ्यांवर पडायचा. भावाचा ट्रॅक्टर उलटायचा, काकूला मूत्रपिंडाचा आजार व्हायचा, चुलतभावाची फी अडायची. मग फोन यायचा आणि पायलचं प्रतिरूप पैसे पाठवायचं. दहा हजार आयुष्यांत ते एकदाही नाही म्हणालं नव्हतं.

“म्हणजे जात विचारली नाही, पण सापडली,” मृण्मयी म्हणाली.

“आम्हाला जात दिसत नाही,” कोठावळे शांतपणे म्हणाले. “पैशाची दिशा दिसते.”

 किनवटच्या डोंगरातल्या पायलच्या तांड्यावर बंजाऱ्यांची साठेक घरं. नोकरीला लागलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्या बोटांना किती हात धरून असतात ते तिला यंत्राकडून कळायची गरज नव्हती. तिची सगळी फी थोरल्या भावाने, उत्तमने भरली होती, दुसऱ्यांच्या ऊसतोडणी यंत्रावर चालक म्हणून राबून. मृण्मयीच्या पडद्यावर मामा होता तसा तिच्या पडद्यावर उत्तम कुठेच नव्हता, कारण त्याने दिलेले पैसे रोख होते आणि जुने होते.

अर्ज नाकारला, असं ऐकायची तयारी करून ती उठायला लागली तेव्हा कोठावळ्यांनी तिला थांबवलं. वाटाड्यात एक आंधळी जागा होती आणि ती त्यांनाही खुपत होती. ज्यांना भांडवल मिळतं त्यांचं पुढे काय झालं हे यंत्राला कळतं आणि त्यातून ते शिकतं. ज्यांना नाकारलं ते यशस्वी झाले असते का, हे त्याला कधीच कळत नाही. त्यामुळे चूक झाली तरी ती चूक दिसत नाही. उलट दरवर्षी पक्की होत जाते. म्हणून नियामकाने आता सक्ती केली होती की नाकारलेल्यांतल्या काहींना मुद्दाम भांडवल द्यायचं आणि दोन वर्षं निरखायचं. पायलसारखी नाती असलेल्या अर्जदारांमधून एकच नाव निघालं होतं. तिचं.

“तुम्ही टिकलात तर वाटाड्या शिकेल,” ते म्हणाले. “तुमच्यासारखे तीनशे चाळीस अर्ज मागे अडकलेत. ते पुन्हा तपासले जातील.”

टिकले नाही तर काय, असं तिने विचारलं.

“मग यंत्राचंच खरं ठरेल.”

घरी पैसे पाठवायला मनाई नव्हती. करारात तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं. फक्त धंद्याचं आणि तिचं स्वतःचं, दोन्ही खाती आणि फोन वाटाड्याला दिसत राहणार होते, आणि तिच्या मोबाइलवर रोज एक आकडा येणार होता. तिच्या टिकण्याची शक्यता, शंभरात किती. पायलने सही केली.

पुढच्याच आठवड्यात ती तांड्यावर गेली आणि हे सगळं सांगून बसली. तीनशे चाळीस अर्जांत आजूबाजूच्या तांड्यांवरची पोरं होती. तिची चुलत बहीण वर्षासुद्धा होती. वर्षाला मोहफुलाचे आणि जवसाचे टिकाऊ पदार्थ बनवायचा कारखाना काढायचा होता. फुलसिंग नायक तांड्याचे प्रमुख, सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं, यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते नीट विचारलं, आणि पायल नांदेडला परतल्यावर सगळ्यांना बोलावून सांगितलं की दोन वर्षं पायलकडे मागायचं नाही. कुणी, कशासाठीही. हे पायलला सांगायचंही नाही.

तिला त्यातलं काही कळलं नाही. तिला कळलं ते एवढंच, की फोन कमी झाले.

सुरुवातीला तिला बरं वाटलं, कारण काम अफाट होतं. औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड, सहा कामगार, उघड्या बॅटऱ्यांचा वास. एकदा एका सेलने पेट घेतला आणि वाळूच्या बादल्या ओतून मृण्मयीने शेड वाचवली. पहिल्या हंगामातच तीस शेतकऱ्यांनी बॅटऱ्या नेल्या. मृण्मयी हिशेब आणि गिऱ्हाइकं सांभाळायची, पायल सेल. आणि रोज सकाळी आकडा. सुरुवातीला तो अठ्ठावीस होता.

आकड्याचा स्वभाव तिला हळूहळू उमगला. माल जास्त विकला तर तो थोडा हलायचा. पण एकदा उत्तमचा फोन आला असताना ती हातमोजे घालून कामात होती, उचलता आला नाही, आणि नंतर करायचं राहून गेलं. त्या आठवड्यात आकडा दोनाने वर गेला. मालाच्या मोठ्या मागणीनेही तो कधी एवढा चढला नव्हता. तिला वाटलं, योगायोग असेल. मग एकदा याडीचा, म्हणजे तिच्या आईचा फोन तिने मुद्दाम उचलला नाही, पाहू तरी म्हणून. आकडा पुन्हा चढला. तिने लगेच याडीला फोन लावला आणि तासभर बोलत बसली. याडी म्हणाली, सगळं ठीक आहे, तू आपलं काम बघ.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा ते चाळीस प्रश्न पुन्हा आले. संकटात नातेवाइकाने पैसे मागितले तर नाही म्हणणं योग्य आहे का? मागच्या खेपेला तिने ‘कधीच नाही’ निवडलं होतं. या वेळी तिचं बोट ‘परिस्थितीनुसार’वर गेलं. ते आकड्यासाठी गेलं की खरोखर तसं वाटायला लागलं होतं, हे तिला ठरवता येईना. तिने मृण्मयीला विचारलं, तू काय निवडलं होतंस. मृण्मयी म्हणाली, परिस्थितीनुसार, अर्थात. तिला तो प्रश्न कधी अवघड वाटलाच नव्हता. तिच्याकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

त्या दिवाळीला पायल घरी गेली ती दोनच दिवस. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही सांगितलंही नाही. पूर्वी ती आली की बायका अंगणात येऊन बसायच्या. एकीला गोळ्यांची चिठ्ठी वाचून हवी असायची, दुसरीला पोराच्या प्रवेशाचं विचारायचं असायचं. आता त्या लांबूनच हसायच्या आणि कामाला लागायच्या. आपण या लोकांना परक्या झालो, असं तिच्या मनाने घेतलं. ती थोडी चिडूनच परतली. आकडा एकसष्टवर होता.

दोन वर्षांची मुदत संपायला पंधरवडा उरला होता तेव्हा किनवटजवळच्या एका शेतात पंपाची बॅटरी बसवायला माणूस मिळेना, म्हणून पायल स्वतः गेली. काम दुपारीच आटोपलं. तांडा जवळच होता. न कळवता ती घरी पोहोचली.

उत्तम दारात खाटेवर बसून दोर वळत होता. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला होता. या दिवसांत तो कधी घरी नसायचा. तिने हाक मारली तेव्हा त्याने नजर न वळवता सगळं डोकंच वळवलं. ती डाव्या बाजूला येऊन उभी राहिली तर तो तिला शोधायला लागला.

तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. डावा डोळा उघडा होता, पण त्यात काही नव्हतं.

त्याने सांगायचं टाळलं. याडीने सांगितलं, तेही पायल ओरडल्यावर. आठ महिन्यांपूर्वी तोडणी यंत्राचं पातं दगडावर आपटलं आणि तुकडा उडून डोळ्याला लागला. वरून जखम किरकोळ दिसत होती. पण आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया केली तर दृष्टी वाचेल, आणि आगाऊ भरायची रक्कम सांगितली. तांड्याने वर्गणी काढली. ती पुरी व्हायला महिना लागला.

“कुठल्या दवाखान्यात दाखवलं होतं?” पायलने विचारलं.

 उत्तमने सांगितलं की नांदेडला. पायलच्या शेडपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. दोन रात्री तो आणि याडी एसटी स्टँडवर झोपले होते, कारण तिच्याकडे गेले असते तर ती पैसे दिल्यावाचून राहिली नसती. नायकांच्या हुकमाबद्दल पायलने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पायलने मोबाइल काढून मागचे आकडे पाहिले. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या आठवड्यात आकडा पाचाने चढला होता. घरून एकही फोन आला नव्हता.

दोन वर्षं संपल्यावर निधीची समिती निवाडा देणार होती, त्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा तांड्यावर गेली. या वेळी नायकांना सांगायला, की समितीपुढे ती खरं काय ते बोलणार आहे. नायकांच्या अंगणात उत्तम आला, याडी आली, आणि निकालासाठी गावी आलेली वर्षाही आली. पायलने पाहिलं की बोलणं चालू असताना वर्षाच्या आईने पलीकडच्या घरातून दोनदा हाक मारली आणि वर्षाने ओ दिली नाही. निधीने वाट पाहणाऱ्यांनाही त्यांचे आकडे दाखवायला सुरुवात केली होती. वर्षा पुण्यात एका दुकानात कामाला होती आणि गेले चार महिने आईचे फोन घेत नव्हती. आकडा चांगला चढलाय, असं तिने पायलला अभिमानाने सांगितलं. आईला तिने कारण सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आईचे फोन थांबतील, आणि फोन येतात पण उचलले जात नाहीत हे यंत्राला दिसायला हवं, असं तिचं म्हणणं.

नायकांनी पायलचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन वर्षं साठ घरांनी तोंड मिटून काढली, ती तू एका दुपारी उघडणार. एवढं बोलून ते उठून आत गेले.

उत्तम तिला तांड्याबाहेरच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. 

“माझा डोळा आहे,” तो म्हणाला. “तो हिशेबात धरायचा नाही असं मी ठरवलं. तू कोण बदलणारी?”

“भिया, ते यंत्र काय शिकलंय माहीत आहे? पायलने माणसं तोडली म्हणून पायल टिकली. आता ते तीनशे चाळीस जणांना तेच शिकवणार.”

“शिकवू दे. पैसे तर मिळतील.”

“आणि त्यांतल्या कुणाचा भाऊ स्टँडवर झोपेल?”

 उत्तम म्हणाला, वर्षाला काय सांगशील. ती म्हणाली, माहीत नाही. तो तिथूनच मागे फिरला.

बाणेरची ती काचेची खोली होती तशीच होती. या वेळी समितीचे तिघं होते, कोठावळे होते आणि शेजारी मृण्मयी होती. येताना गाडीत पायलने तिला सगळं सांगितलं होतं. मृण्मयी आधी रडली. मग म्हणाली, मला सांगायला हवं होतं त्यांनी, मी बाबांकडून एका तासात आणले असते. पायलला त्या एका तासाचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. त्यानंतर मृण्मयीने व्यवहाराचं बोलणं काढलं: आज गप्प राहा, सह्या होऊ देत, पोरांना पैसे मिळू देत, मग महिन्याभराने काय ते जाहीर कर. त्यात चूक काही नव्हतं. पायल सबंध रस्ताभर त्यावर विचार करत आली होती.

कोठावळे खुशीत होते. पडद्यावर निळी रेघ हिरवीला चिकटून वर चालली होती. धंदा नफ्यात होता, आकडा ब्याऐंशी. त्यांनी समितीला समजावून सांगितलं की वाटाड्याने आपली चूक दुरुस्त केली आहे. अशा नात्यांची माणसंही टिकू शकतात हे त्याला आता कळलं होतं, आणि ती कशाने टिकतात हेही. ज्यांचे घराकडचे धागे विरळ होत जातात ती टिकतात. तीनशे चाळीसपैकी ज्यांचे धागे विरळ होताना दिसताहेत, असे दोनशेच्या वर अर्ज आजच मंजूर होऊ शकत होते. उरलेल्यांना आकडा सुधारायला सहा महिने.

 मृण्मयीने टेबलाखाली पायलचं मनगट धरलं होतं. गप्प राहा म्हणून की धीर म्हणून, ते कळत नव्हतं.

“या दोन वर्षांत मला घरून फार मोठी मदत मिळाली,” पायल म्हणाली. “ती तुमच्या पडद्यावर नाही. कारण कुणी काही पाठवलं नाही. त्यांनी मागितलं नाही.”

तिने सगळं सांगितलं. नायकांचा हुकूम, वर्गणी, एसटी स्टँड, डोळा. आवाज चढवला नाही. समितीतल्या बाई लिहीत होत्या त्या थांबल्या.

 कोठावळ्यांनी विचारलं की हे आपण नोंदवून घेतलं तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे ना. चाचणीतल्या व्यक्तीला बाहेरून मदत झाली असेल तर ती चाचणी बाद होते.

“ठाऊक आहे.”

“आणि मागचे अर्ज जुन्याच निकालावर जातील. सगळे.”

“तेही ठाऊक आहे.”

“मग कशासाठी?” ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. “त्यांना पैसे मिळत होते, पायल मॅडम.”

“तुम्ही त्यांना पैसे देणार आणि त्यांची माणसं काढून घेणार,” ती म्हणाली. “माझे धागे विरळ झाले नव्हते. ते इतके ताणले होते की तुम्हाला दिसले नाहीत. हे तुमच्या यंत्राला मोजता येत नसेल, तर निदान माझ्या नावाने खोटं तरी शिकवू नका.”

मोजता येईल का, असं समितीतल्या बाईंनी कोठावळ्यांना विचारलं. ते म्हणाले, केलेल्या व्यवहाराची नोंद होते. न केलेल्याची कशी करायची ते त्यांना माहीत नाही. बाईंनी तेही लिहून घेतलं. त्याच दुपारी चाचणी बाद झाली.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. भांडवलाचा दुसरा हप्ता निधीने थांबवला. शेड बंद करायची वेळ आली तेव्हा मृण्मयीच्या ठाण्याच्या मामांनी पैसे दिले, यंत्राने दहा हजारदा दाखवलं होतं तसेच. त्यांची अट रास्त होती: मृण्मयीचा वाटा साठ, पायलचा चाळीस. पायलने सही केली. मृण्मयीने त्या दिवशी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि पुढे बरेच दिवस दोघी फक्त कामाचं बोलत राहिल्या.

वर्षाने तिचा नंबर बंद करून टाकला. याडी एकदाच बोलली. म्हणाली, उत्तमने डोळा दिला होता, तो तू परत आणून दिलास, फुटका. नायक काही बोललेच नाहीत. कोठावळ्यांनी नियामकाला एक लांबलचक टिपण पाठवलं आणि त्यावरून नव्या चाचण्यांचा आदेश निघाला, एकट्यादुकट्याच्या नव्हे तर गटाच्या. पण त्यांना वेळ होता आणि त्यातून काय निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. पायलच्या मोबाइलवर आता आकडा येत नव्हता. तरी सकाळी उठल्यावर ती मोबाइलकडे हात लांब करायची.

शेड तगली. पायल दर महिन्याला घरी पैसे पाठवायची. ते दर महिन्याला परत यायचे.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी ती सेल तपासत असताना उत्तमचा फोन आला. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उचलला. त्याने कशी आहेस वगैरे विचारलं नाही. तांड्यावर डाळीची गिरणी टाकायची म्हणाला. तोडणीचं यंत्र आता कुणी हातात देत नाही आणि दोर वळून पोट भरत नाही. वीज दिवसातून चार तास. तेव्हा बॅटरी लागेल, चांगली, मोठी. आणि वर पन्नास हजार.

पायल खुर्ची ओढून बसली. सहा कामगारांचे पगार दोन दिवसांवर आले होते आणि खात्यात जेमतेम तेवढंच होतं.

“पन्नास कुठून आणू? पगाराचा आठवडा आहे.”

“ते तू बघ. धंदा तुझा आहे.”

“बॅटरी देते. वर तीस.”

“तिसात जातंसुद्धा येत नाही. पंचेचाळीस. आणि बॅटरी जुनी नको.”

“आमच्याकडे सगळ्या जुन्याच असतात, भिया.”

 त्याच्या मागे याडीचा आवाज येत होता. किती म्हणते, असं ती विचारत होती. मृण्मयीने लांबून हातानेच विचारलं, कोण? पायलने तिला थांबायची खूण केली.

“मग चाळीस,” उत्तम म्हणाला.

ती पस्तीस म्हणाली. त्याने फोन ठेवला नाही.